मास्तरांची मडम

आमगावात मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते ते मास्तर पेशानं शिंपी होते आणि बायकांचं काहीही शिवत नसत. ब्लाउज सोडाच, साडीला फॉलसुद्धा लावून देत नसत. एखादी बाई पिशवी घेऊन पायरी चढली की मशीनवरची मान न उचलता म्हणत, "समोर जा. थो बनवून देते." समोर म्हणजे रस्त्यापलीकडच्या तरुण शिंप्याकडे. त्याचं दुकान मास्तरांनी हाकललेल्या बायकांवरच उभं राहिलं होतं, आणि दिवाळीला तो मास्तरांना मिठाईचा डबा आणून देत असे.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, असतो एखाद्याचा स्वभाव. पण याच दुकानात, मशीनच्या बरोबर वर, जिथं इतर दुकानदार लक्ष्मी लावतात तिथं, एका परदेशी झग्याचं चित्र फ्रेम करून लावलेलं होतं. सकाळी शटर वर केलं की मास्तर आधी त्या चित्राची काच पुसत आणि मग देवाला उदबत्ती लावत. हा क्रम कधी उलटा झालेला मी पाहिला नाही.

मी गणित शिकवते. मूळची सांगलीकडची. नोकरीनं मला राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेऊन टाकलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण डावी बाजू उजव्या बाजूबरोबर जुळली नाही तर मला जेवण जात नाही. मास्तरांच्या घरात मी राहिले ती सगळी वर्षं माझी ही बाजू काही जुळली नाही. अजूनही जुळलेली नाही, म्हणून तर हे लिहिते आहे.

चित्र मात्र सुंदर होतं. जाडसर, पिवळा पडलेला कागद. त्यावर शाईच्या बारीक, एका दमात ओढलेल्या रेषा आणि पाणी जास्त झालेला हिरवा रंग. खांदे उघडे, कंबर मुठीत मावेल एवढी, आणि कमरेखाली झगा असा फुललेला, जणू घंगाळ पालथं घातलंय. एक हात कमरेवर. मान जराशी वळलेली. चेहरा नव्हताच, जिथं असायला हवा तिथं नुसता कोरा कागद. कोपऱ्यात टाचणीनं टोचलेला बोटाएवढा हिरव्या रेशमाचा तुकडा आणि खाली कुणाचीतरी न वाचता येणारी सही. आमच्या कॉलेजातले चित्रकलेचे सर एकदा पँट आखूड करायला आले तेव्हा बराच वेळ त्या चित्रापुढं उभे राहिले. म्हणाले, साठ-सत्तर वर्षांपूर्वी मोठमोठे पोशाख बनवणारे परदेशी लोक कपडा आधी असा कागदावर काढत, सोबत कापडाचा नमुना लावत, आणि मग शिवत. हे आमगावात कसं आलं ते त्यांनाही सांगता येईना.

बाजारात त्या चित्राला सगळे 'मास्तरांची मडम' म्हणत. गोंदियाहून माल घेऊन येणारा धागे-बटणवाला रोज चिडवायचा, "क्या मास्टरजी, मडम ने आज चाय पी की नहीं?" मास्तर शांतपणे सांगायचे, "हे बाईचा फोटो नाई होय. कपड्याचा होय."

आतल्या दारातून काकूंचा आवाज यायचा, "कपडा का आपल्या पायानं उभा रायते?"

काकू म्हणजे मास्तरांची बायको. त्यांच्याबद्दल पुढं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

मास्तरांच्या गळ्यात मोजपट्टी कायम असे. जेवताना, बाजारात जाताना, लग्नाच्या पंगतीत, नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला जातानासुद्धा. तिथल्या एका पुजाऱ्यानं एकदा विचारलं म्हणे, की मास्तर, देवाचं माप घ्यायला आलात का. मास्तर म्हणाले, देवाले खांदे नाईत, नाई तं घेतलो असतो.

खांदे हा त्यांचा वेदच होता. माणसाचा चेहरा ते पाहतच नसत. मी खोली बघायला गेले तेव्हा नाव-गाव, नोकरी काहीही न विचारता त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा डावा खांदा खाली जाऊन राहिला. पर्स त्या खांद्यावर नोका घेत जाऊ." मला वाटलं खोली नाकारली. काकू म्हणाल्या, नाही, पसंत पडलात, किल्ली घ्या. नंतर कळलं की त्यांच्या लेखी माणसाची ओळख तेवढीच. "अंग येते, जाते म्याडम," ते सांगायचे. "पोट सुटते, आटते. खांदा जन्माचा रायते. खांदा पाहून मी माणूस चाळीस सालानंबी ओळखतो." आणि ओळखत. लहानपणी ज्याची चड्डी शिवली होती असा कुणी टक्कल पडून, पोट सुटून दुकानात आला तरी मास्तर मागूनच हाक मारत.

दोरीवर मी कपडे उलटे वाळत घालायचे, उन्हानं रंग उडू नये म्हणून. त्यांना ते मुळीच सहन होत नसे. ते माडीखाली उभे राहून ओरडत, "म्याडम, शिलाई बाहेर दिसून राहिली!" जसं काही मी माझी आतडी रस्त्यावर वाळत घातली होती. आणि कापायला बसले की हात धुऊन बसत, कुणाशी बोलत नसत. "कापलेला जोडता येते," ते म्हणत, "पर कापलाच नाई असा करता येत नाई." हे वाक्य मी अकरावीच्या वर्गात कितीदा वापरलं असेल. मुलांना कळायचं नाही, मलाही तेव्हा पूर्ण कळलं होतं असं नाही.

शिवायचे काय? शाळेचे गणवेश, पँटी, बंड्या, कूलरची कव्हरं, भजनी मंडळाच्या पेटीचा गलेफ, राइस मिलवाल्यांच्या गाद्या. आणि वर ती मडम, कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत उभी.

ते चित्र आलं कुठून, हे मी त्यांना विचारलं. तीच माझी चूक. मला म्हणाले, तरुणपणी कलकत्त्याला होतो, गाडी इथून थेट जाते, एका अँग्लो-इंडियन बाईच्या दुकानात काज-बटणं करायचो, दुकान बंद झालं तेव्हा तिथून आणलं. माझं समाधान झालं. महिन्याभरानं धागे-बटणवाल्याला सांगत होते की कापडाचा ताका उलगडला तर आत गुंडाळलेलं निघालं. आणि काकूंना लग्नाच्या नव्या नवलाईत त्यांनी सांगितलं होतं की गोंदियाच्या भंगारबाजारात बापाच्या फोटोसाठी फ्रेम घेतली, चित्र तिच्यात आधीपासून होतं, काढवलं नाही.

"बापाचा फोटो अजून पेटीत हाये," काकू म्हणाल्या. "अन् फ्रेमीत हे उभी."

"मास्तर, या तीनपैकी खरं कुठलं?" मी शेवटी विचारलं.

"तिन्ही," मास्तर म्हणाले आणि काजं करू लागले.

एवढ्यानं भागलं नाही. बाई समोरून दिसते असं मला आणि सगळ्या गावाला वाटायचं. मास्तर म्हणत, पाठमोरी आहे. "मुंडका फिरवला हाये तिनं. हे पाठीची शिवण होय, दिसत नाई का?" मी चष्मा लावून, चष्मा काढून पाहिलं. कधी समोरून दिसे, कधी मागून. मी मोबाइलवर फोटो काढला आणि तो तिथंच शोधायला टाकला. मोबाइलनं मला टेबलावरच्या दिव्यांच्या हिरव्या टोप्या दाखवल्या, पडदे दाखवले, एक केक दाखवला. मग मी नाद सोडला.

काकूंचा नाद सुटणं मात्र शक्य नव्हतं. त्यांना त्या चित्राखाली संसार करायचा होता.

काकू चोरखमारा गावाच्या बाजूच्या. अंगानं सडसडीत, पण खांद्यात रुंद, आणि जिभेला धार. त्यांच्या आयुष्यात एकच दुःख होतं आणि ते त्या कुणालाही सांगायच्या, भाजीवालीलासुद्धा. "माया घरी शिंपी, अन् माया पोलका समोरचा शिवते." दर दिवाळीला पोलक्याचं कापड आणि मापाचं जुनं पोलकं पदराखाली घेऊन काकू रस्ता ओलांडायच्या. बाजार बघायचा. मास्तरही बघायचे, मशीनवरून. शिंप्याच्या बायकोनं दुसऱ्या शिंप्याकडं जाणं म्हणजे काय, हे मला सांगलीहून आल्यामुळं आधी कळलं नव्हतं. काकूंनी समजावलं. "सोनाराच्या बायकोनं पितळ घातला तं लोक म्हंतील, गरिबी आली. शिंप्याच्या बायकोनं दुसऱ्याचा पोलका घातला तं काय म्हंतील? नवऱ्याले नकोशी हाये."

त्यांना दुसरं काही नको होतं. नवऱ्याच्या हातचं एक पोलकं. ते मागायचीही त्यांची तयारी नव्हती, कारण त्यांच्या मते उत्तर भिंतीवर टांगलेलंच होतं. कलकत्त्यात कुणीतरी होती. तिचा झगा शिवला, त्या हातानं आता दुसऱ्या बाईचं शिवायचं नाही असं याचं काहीतरी व्रत असणार. "तिले नवसाचा हात देऊन आला हा माणूस," काकू मला म्हणाल्या तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या आणि एकही खडा त्यांच्या नजरेतून सुटत नव्हता. मी म्हटलं, काकू, चेहरासुद्धा नाही हो तिला. त्या म्हणाल्या, "म्हणून तं. चेहरा असता तं मी पाहून घेतली असती तिले."

मग एका वर्षी मंडई जवळ आली.

मंडई म्हणजे या भागातली जत्रा. दिवाळी झाली की गावोगाव एकेक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी घरोघर पाहुणे, आणि रात्री दंडार, म्हणजे गावातल्याच लोकांनी उभं केलेलं नाच-गाण्याचं नाटक. दंडारीत बायकांची कामं पुरुष करतात. शेजारच्या खेड्यातला एक धानउत्पादक शेतकरी, दोन लेकरांचा बाप, चांगला मिशीवाला, आपल्या बापानंतर बाईचं काम करायचा. तो एका दुपारी दुकानात आला. अंगाला कापणीच्या धानाचा वास, हातात विळा तसाच.

"मास्तर, एक डिरेस पायजे. आमच्या दंडारीत औंदा साहेबाची मडम हाये. गेल्या साली मॅक्सी घालून गेलो तं लोक लय हासले."

"समोर जा," मास्तर म्हणाले. "मी लेडीज नाई शिवत."

"लेडीज कुठं? घालाचा तं मले हाये."

मशीन थांबलं. मी कॉलेजातून नुकतीच आले होते, पायरीवर चपला काढत होते. मास्तरांनी मान वर केली, त्या शेतकऱ्याच्या खांद्यांकडं पाहिलं, मग भिंतीवर पाहिलं, मग पुन्हा खांद्यांकडं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. कुलपाची किल्ली आपल्याच खिशात सापडल्यावर माणूस जसा आधी आनंदतो आणि मग ओशाळतो, तसं काहीतरी.

"तू बाप्या होय," मास्तर म्हणाले.

"होय बापा, लेकरं हाएत मले."

"म्हंजे तुया माप घेता येते." आणि त्यांनी गळ्यातली मोजपट्टी काढली. "हात वर कर."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. जुने शिंपी बाईच्या अंगाला मोजपट्टी लावत नसत, आमच्याकडंही नाही. बाई आपलं नीट बसणारं एक जुनं पोलकं पाठवते, त्यावरून नवं बेततात. मापाला बाई लागत नाही, पोलकं लागतं. आता मडमनं आपला झगा मापाला कुठून पाठवायचा? ती तर कागदावर. पण हा मिशीवाला समोर उभा होता, हात वर करून, विळ्यासकट.

मास्तरांनी कपाटातून हिरव्या साटीनचा ताका काढला. चित्राच्या कोपऱ्यातल्या तुकड्याशी जुळणारा. तो ताका घरात कधीपासून होता हे काकूंनाही ठाऊक नव्हतं, आणि ते कळल्यावर त्या मास्तरांशी बोलायच्या थांबल्या. जेवण वाढायच्या, पण ताट जरा जोरात ठेवायच्या. मला म्हणाल्या, "कपडा आणून ठेवला होता, पाहा. वाट पाहून राहिला होता. आता येते थे घरात, सवत." मी सांगायचा प्रयत्न केला की घरात एक मिशीवाला शेतकरी येणार आहे, दुसरं कुणी नाही. पण दोन आणि दोन मिळवून त्यांनी जो आकडा काढला होता तो काही हलेना.

मास्तरांनी इतर सगळी कामं बंद केली. कूलरची कव्हरं तशीच पडली, गणवेशाची पोरं परत जाऊ लागली. ते चित्रापुढं स्टूल ठेवून बसत, मग कापडापुढं बसत. हात धुऊन येत, पुन्हा बसत, न कापता उठत. एवढा घाबरलेला माणूस मी परीक्षेच्या हॉलबाहेरसुद्धा पाहिलेला नाही. एका सकाळी मात्र कात्रीचा आवाज आला आणि बराच वेळ थांबला नाही. काकू चुलीपाशी होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

झगा अंगावर घालून बघायचा दिवस उजाडला तेव्हा निम्मा बाजार पायरीवर होता. धागे-बटणवाला आला होता, समोरचा शिंपी आपलं दुकान सोडून आला होता. शेतकरी पडद्यामागं गेला, छातीशी कापसाचे बोळे खोचून बाहेर आला आणि चित्रातल्यासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

कुणी हसलं नाही. मिशी होती, पायात स्लीपर होत्या, मानेवर उन्हाचा काळा पट्टा होता, आणि तरी त्या दुकानात काहीतरी फार सुंदर उभं होतं. साटीन कमरेशी आवळलेलं आणि खाली फुललेलं, एक सुरकुती नाही. समोरच्या शिंप्यानं हळूच कडेची शिवण दोन बोटांत धरून बघितली आणि मान हलवली.

तेवढ्यात काकू आतल्या दारात आल्या. हाताला तांदळाचं पीठ. त्यांनी पाहिलं, आणि त्या हसायला लागल्या. दाराची चौकट धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

"हे होय थे? हिच्यापायी मी आतापावतो जळत होती?"

"काकू, बरी दिसून राहिली ना मी?" शेतकऱ्यानं नसलेला पदर सावरत विचारलं. आता सगळेच हसले. फक्त मास्तर हसले नाहीत. ते झग्याकडं बघत होते आणि झगा झाला आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

मग काकू पुढं आल्या. पिठाचा हात लुगड्याला पुसून त्यांनी कमरेवरून, पाठीवरून, खांद्यावरून कापड चाचपलं. त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"कुठंच ढिला नाई," त्या म्हणाल्या. "कुठंच कसत नाई. एवढा येते तुमाले. मंग मले काऊन नाई शिवला?"

एवढ्या लोकांसमोर विचारलं. मला वाटलं मी वर निघून जावं. पण गेले नाही.

मास्तरांनी बराच वेळ मोजपट्टी बोटाला गुंडाळली आणि सोडली. "शिवलो होतो ना," ते म्हणाले. "लग्नात."

"थे तं..."

"तुया घरून मापाचा पोलका आला होता. मी सोताच बसून शिवलो. कोणाले हात लावू नाई दिलो. अन् मांडवात तू आली तं थो खांद्यावरून घसरून राहिला होता. बायकायनं पिना लावल्या. माई आत्या साऱ्यायले आयकू जाईल अशी म्हणे, नवऱ्यानं पोलका शिवला का धानाचा पोता शिवला. तवाच समजलो. बाईच्या कपड्याले माया हात नाई. जो आपल्या बायकोले शिवू नाई शकला, थो दुसऱ्याच्या बायकोले काय शिवन?"

झगा घातलेला शेतकरी अवघडून एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला, तेवढी साटीनची सळसळ झाली. मला मास्तरांचा भयंकर राग आला आणि कीवही आली. एका ढगळ पोलक्यासाठी एवढं आयुष्य? आणि ही बाई इकडं कागदाच्या बाईवर जळत बसलेली.

काकू खाली बघत होत्या. मग सावकाश म्हणाल्या, "थो पोलका माया नोहता."

"कोणता?"

"मापाचा. थो वैनीचा होता, माया भावाच्या बायकोचा. मायापाशी दोनच होते, दोन्हीले थिगळ. थिगळाचा पोलका सासरी कसा पाठवाचा? माय म्हणे, वैनीचा दे. वैनी अंगानं भारी होती." त्यांनी वर पाहिलं. "तुमचा हात नाई चुकला. मापच दुसऱ्याचा होता."

"मंग सांगतली काऊन नाई?"

"माहेरचे थिगळ सांगत फिरू का? अन् तुमी कवा पुसलं?"

मास्तर उठले. मोजपट्टी सरळ केली. "उभी राय," ते म्हणाले.

"लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

काकूंनी आमच्याकडं पाठ केली आणि भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. हाताचं काय करायचं ते न सुचून त्यांनी एक हात कमरेवर ठेवला. त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर, ती मडम. त्या क्षणी मला अगदी स्पष्ट दिसलं की चित्रातली बाई पाठमोरीच आहे. मास्तरांनी मोजपट्टीचं टोक बायकोच्या खांद्यावर ठेवलं.

"नीट घ्या," काकू भिंतीला म्हणाल्या. "या टायमाले माप मायाच हाये."

मला वाटलं होतं, गोष्ट इथं संपली. माझी बाजू जुळली, मी निवांत जेवले.

आमगावची मंडई आठवड्याभरानं होती. शेजारच्या खेड्याहून आलेल्या दंडारीतल्या मडमला गावानं डोक्यावर घेतलं. मिशी काढलेला शेतकरी शिट्ट्यांमध्ये चार वेळा पुन्हा रंगमंचावर आला. काकूंनी नवीन पोलकं घातलं होतं, उरलेल्या हिरव्या साटीनचंच. ते काखेत एवढं कसत होतं की त्यांना वाढताना हात वर करता येत नव्हता. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "माया दंडच जाड झाला, काय करता," आणि तो सडसडीत दंड पदराखाली लपवला. भाजीवालीलाही त्यांनी हेच सांगितलं. समोरच्या शिंप्यालासुद्धा मुद्दाम जाऊन दाखवून आल्या.

त्या दिवशी माहेरची माणसं पाहुणी आली होती. दर मंडईला येतात तशी. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. चिमणीएवढी. खांदे इतके अरुंद की पदर ठरत नव्हता. घसरायचा, ती वर घ्यायची, पुन्हा घसरायचा. काकूंनी ओळख करून दिली. "हे माई वैनी. माया लग्नाच्या आधीपासून घरात एकलीच वैनी मले."

मी हसून नमस्कार केला आणि माझा हात तसाच राहिला. म्हातारपणी माणूस आटतं, मला कळतं. बाळंतपणात भरलेलं अंग पुढं उतरतं, हेही कळतं. पण खांदा जन्माचा राहतो. ते खांदे काकूंच्या खांद्यांच्या निम्मे होते. त्या वैनीचं पोलकं मापाला गेलं असतं तर त्यावर बेतलेलं पोलकं काकूंना घसरलं नसतं. त्यांना ते अंगात चढलंच नसतं.

मग मापाचं पोलकं कुणाचं? की काकूंचंच, आणि हात खरंच चुकला होता? की कुणा तिसरीचं, आणि काकू विसरल्या? एवढ्या लोकांसमोर, पिठाच्या हातानं, त्या क्षणी त्यांनी ते थिगळ आपल्या माहेराला लावून घेतलं आणि नवऱ्याचा हात मोकळा केला?

मग दुसरं लक्षात आलं. ही वैनी दर मंडईला इथं येते. आणि समोर मशीनवर बसलेला माणूस खांदा पाहून चाळीस वर्षांनी ओळखतो.

मी मास्तरांकडं वळले. ते माझ्याकडंच बघत होते. आधीच बघत होते. आत काकू घट्ट पोलक्यात अवघडत वैनीसाठी चहा गाळत होत्या, आणि कुणालातरी मोठ्यानं सांगत होत्या की हे यायनं शिवला, घरीच.

"म्याडम," मास्तर म्हणाले, "पर्स पुन्हा त्याच खांद्यावर घेतली तुमी."

मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.